शाकाहार : व्रत आणि ताट



बालाघाटाच्या माथ्यावर वसलेल्या आपल्या नेकनूर गांवीं हरिनामाचा सप्ताह बसला म्हणजे रात्रीच्या शांत वेळीं टाळमृदंगाचा नाद घरोघरीं ऐकूं येतो. काल्याच्या कीर्तनानें सप्ताहाची समाप्ति होते, आणि त्या सुमारास एखादा तरुण पुढें होऊन महाराजांच्या हातून तुळशीची माळ गळ्यांत घालून घेतो. माळेबरोबर जे नेम तो पतकरतो, त्यांत मद्य व मांस यांचा त्याग हा मुख्य होय. घरीं येऊन तो आईस सांगतो, "आई, मी माळ घातली. आजपासून मला वशाट वाढूं नकोस." आईस समाधान वाटतें. ती दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटांतून तेवढा पदार्थ वगळते. ताटांत भाकरी उरते, मिरचीचा ठेचा उरतो, फार तर कालवणाचा पातळ रस्सा उरतो. मुलगा मोठ्या निष्ठेनें तें अन्न खातो. परंतु ताटांतून जें गेलें त्याच्या जागीं काय आलें, हा प्रश्न त्या घरांत बहुधा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याच प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

शाकाहाराचा निश्चय आपल्या भागांत नवा नाहीं. आळंदी येथें विष्णुबोवा जोग यांनीं १९१७ सालीं वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या शिष्यमंडळांतील बंकटस्वामी महाराज यांचें संस्थान आपल्या नेकनुरांतच आहे. जवळच कपिलधार येथें मन्मथस्वामींची समाधि आहे, व कार्तिकी पौर्णिमेस तेथें जमणारा वीरशैव समाज पिढ्यान् पिढ्या शाकाहारी आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यांतील कुंथलगिरी हें जैनांचें सिद्धक्षेत्र. १९५५ सालीं आचार्य शांतिसागर महाराजांनीं तेथेंच सल्लेखना घेऊन देह ठेविला. व्रतस्थ जैनांचा आहारनियम तर इतका सूक्ष्म आहे कीं, कंदमुळेंही ते वर्ज्य मानितात.

या तिन्ही परंपरांकडे नीट पाहिलें असतां एक भेद ध्यानांत येतो. वीरशैव व जैन घरांतील मूल शाकाहारांत जन्मास येतें. तेथें आजीला, आईला व सुनेला डाळ कशी शिजवावी, कडधान्यास मोड कसे आणावे, सणास काय व उपासास काय करावें, हें सर्व परंपरेनें अवगत असतें. माळकऱ्याची गोष्ट निराळी. वारकरी पंथांत कोणत्याही जातीचा मनुष्य माळ घालूं शकतो. ज्या घरीं मांसाहार चालतो त्या घरचा मुलगाही माळ घालतो, आणि हीच त्या पंथाची थोरवी होय. परंतु अशा मुलास व्रत मिळालें तरी त्या व्रताचें स्वयंपाकघर मिळालेलें नसतें. व्रत एका क्षणांत घेतां येतें. स्वयंपाकघर घडावयास मात्र वेळ लागतो. म्हणून जो कोणी शाकाहाराचा निश्चय करील, मग तो धर्मबुद्धीनें असो, प्राणिमात्रांविषयींच्या दयेनें असो, वा प्रकृतीच्या कारणानें असो, त्यानें सोडणें हें अर्धेंच व्रत मानावें, आणि सोडलेल्याच्या जागीं योग्य तें घालणें हें दुसरें अर्धें मानावें.

आतां मांस, मासे व अंडीं यांपासून शरीरास काय मिळतें तें पाहूं. मुख्य वस्तु चार : प्रथिनें, लोह, जस्तासारखीं खनिजें आणि 'ब-१२' नांवाचें जीवनसत्त्व. यांपैकीं पहिल्या तीन वस्तु आपल्या शिवारांत पिकतात. चौथी मात्र शेतांत उगवत नाहीं. तिचा विचार पुढें स्वतंत्रपणें करूं.

प्रथिनें म्हणजे शरीराच्या भिंतीची वीट. वाढत्या वयांत ती अधिक लागते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें १३ ते १५ वर्षांच्या मुलास दिवसास सुमारें ४५ ग्रॅम व त्याच वयाच्या मुलीस सुमारें ४३ ग्रॅम प्रथिनें लागतात. आपल्या धान्यांत तीं किती आहेत? १०० ग्रॅम बाजरींत सुमारें ११ ग्रॅम, तितक्याच ज्वारींत सुमारें १० ग्रॅम, तुरीच्या डाळींत सुमारें २२ ग्रॅम, मुगाच्या डाळींत व शेंगदाण्यांत सुमारें २४ ग्रॅम. या आंकड्यांवरून भाकरी ही केवळ पोट भरणारी वस्तु नाहीं, हें दिसून येईल. तथापि भाकरीच्या प्रथिनांत एक उणीव आहे. प्रथिनें ज्या घटकांचीं बनतात त्यांपैकीं 'लायसिन' नांवाचा घटक ज्वारी-बाजरींत कमी असतो. डाळींत तो भरपूर असतो. उलट डाळींत 'मेथायोनिन' कमी, तें धान्यांत पुरेसें. बैलगाडीच्या जुवाला एकच बैल जुंपला तर गाडी चालत नाहीं. दोन जुंपले म्हणजे एकाची उणीव दुसरा सांभाळून घेतो. भाकरी व डाळ यांची जोडी तशीच आहे. एकाच घासांत दोन्ही असलींच पाहिजेत असें मात्र नव्हे. दिवसभरांत दोन्ही पोटांत गेलीं म्हणजे झालें.

आपण एक हिशेब मांडूं. समजा, आठवींतील एक मुलगा दिवसभरांत १०० ग्रॅम बाजरीच्या व १५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खातो. त्यांतून त्यास ११ व १५ मिळून २६ ग्रॅम प्रथिनें मिळालीं. सोबतीस केवळ ठेचा व पातळ रस्सा असेल तर हिशेब तेथेंच संपला. ४५ पैकीं १९ ग्रॅम कमी पडले, आणि जीं मिळालीं तींही एकांगी. आतां त्याच भाकरींबरोबर ३० ग्रॅम तूरडाळीचें घट्ट वरण (६॥ ग्रॅम), ४० ग्रॅम मटकीची उसळ (८ ग्रॅम), मूठभर म्हणजे २५ ग्रॅम फुटाणे (५ ग्रॅम), चटणींतील २० ग्रॅम शेंगदाणे (५ ग्रॅम), आणि पाव लिटर दूध (८ ग्रॅम) इतकें त्यास मिळालें, तर एकंदर बेरीज ५८ ग्रॅमच्या वर जाते. वनस्पतींतील प्रथिनें थोडीं कमी पचतात, ती तूटही यांत भरून निघते. दोन्ही ताटें शाकाहारीच. परंतु एक मुलाचें अंग वाढवितें व दुसरें त्याची भूक तेवढी मारतें. 'आम्ही शाकाहारी आहोंत' एवढ्या एका वाक्यानें ताटाची परीक्षा होत नाहीं, ती अशी मापानें होते.

याचें एक उदाहरण शाळांच्या पोषण आहारांतूनच घेतां येईल. २०२३ सालच्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र शासनानें शालेय पोषण आहारांत आठवड्यांतून एकदां अंडें देण्याचें ठरविलें, आणि जीं मुलें अंडें खात नाहींत त्यांस केळें अथवा स्थानिक फळ द्यावें असें सांगितलें. पुढें २०२५ सालीं अंड्यांसाठींचा निधि शासनानें थांबविला. अंडें द्यावें कीं न द्यावें यावर पुष्कळ वाद झाला. परंतु त्या वादांत एक साधी गोष्ट मागें पडली. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम प्रथिनें असतात, एका केळ्यांत सुमारें एकच. केळें हें उत्तम फळ आहे, पण तें अंड्याच्या जागीं बसणारें नव्हे. शाकाहारी मुलास अंड्याऐवजीं काय द्यावें असें कोणी विचारल्यास २५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे व वाटीभर दहीं हें खरें उत्तर होय. बदल करावयाचा तो नांवाचा नसावा, गुणाचा असावा.

लोहाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि तो विशेषतः मुलींचा व त्यांच्या मातांचा आहे. १३ ते १५ वर्षांच्या मुलास दिवसास २२ मिलिग्रॅम लोह लागतें, तर त्याच वयाच्या मुलीस ३० मिलिग्रॅम. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते ४९ वर्षांच्या दर १०० स्त्रियांपैकीं ५७ स्त्रियांच्या अंगीं रक्त कमी आढळलें; महाराष्ट्रांत हाच आंकडा ५४ होता. हा केवळ शाकाहाराचा दोष नव्हे, कारण मांसाहारी घरांतही हीच स्थिति दिसते. परंतु वनस्पतींतील लोह मांसांतील लोहापेक्षां शरीरांत कमी शोषलें जातें हें खरें. म्हणून शाकाहारी घरानें येथें अधिक सावध असावें.

बाजरी या बाबतींत आपली मोठी मैत्रीण आहे. १०० ग्रॅम बाजरींत सुमारें ६ मिलिग्रॅम लोह असतें. मटकी, हुलगे, हरभरा, तीळ, कारळ, राजगिरा, तांदुळजा, मेथी आणि रानांत आपोआप उगवणारी पाथरी व घोळ यांतही तें आहे. प्रश्न आहे तो तें अंगीं लागण्याचा. त्यास तीन उपाय आहेत, व तिन्ही फुकटांतले आहेत. पहिला : जेवणाबरोबर 'क' जीवनसत्त्व असलेला एखादा आंबट पदार्थ अवश्य असावा. भाजी-वरणावर ताटांतच लिंबू पिळावें, कारण शिजवितांना घातलेल्या लिंबाचें हें सत्त्व उष्णतेनें नष्ट होतें. पेरू, आवळा, कच्ची कोथिंबीर हींही चालतील. दुसरा : कडधान्यें रात्रभर भिजवून त्यांस मोड आणावे. धान्य-कडधान्यांत 'फायटेट' नांवाचा पदार्थ लोह व जस्त यांस धरून ठेवतो; भिजविल्यानें व मोड आणल्यानें त्याची पकड ढिली होते, आणि मोडांत 'क' जीवनसत्त्व नव्यानें तयार होतें. तिसरा : जेवणाबरोबर चहा घेऊं नये. चहांतील तुरट द्रव्य लोहास अडवितें. सकाळीं चहा-भाकरी खाऊन शाळेस येणाऱ्या मुलींनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. चहा घ्यावयाचाच तर जेवणापूर्वीं किंवा नंतर तासाभराच्या अंतरानें घ्यावा. भाजी लोखंडी कढईंत केल्यास थोडें लोह तिच्यांतही उतरतें. आपल्या आज्यांची ती काळी कढई अडगळींत टाकण्याजोगी नाहीं.

रक्तक्षयाची गोष्ट निघाली असतां मुंबईंत घडलेली एक हकीकत सांगितली पाहिजे. १९२८ सालीं ल्यूसी विल्स नांवाच्या एक इंग्रज विदुषी डॉक्टर मुंबईस आल्या. तेथील कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांस एक प्रकारचा तीव्र रक्तक्षय होत असे, व कित्येकींचा त्यांत अंत होई. विल्सबाईंनीं त्या स्त्रियांच्या आहाराचें परीक्षण केलें आणि यीस्टच्या साध्या अर्कानें त्या बऱ्या होतात असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील जो घटक गुणकारी होता तो पुढें 'फॉलिक ॲसिड' म्हणून ओळखला जाऊं लागला. १९४१ सालीं पालकाच्या पानांतून तो वेगळा करण्यांत आला, म्हणून पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास हें नांव पडलें. हें तत्त्व हिरव्या पालेभाज्यांत व डाळींत विपुल असतें. म्हणजे मुंबईच्या त्या मायबहिणींस जें मिळालें नाहीं, तें आपल्या बांधावर उगवतें! मात्र भाजी फार वेळ उकळून तिचें पाणी फेकून दिलें तर तें पाण्याबरोबर जातें. म्हणून पालेभाजी आधीं धुवावी व मग चिरावी, थोड्या पाण्यांत शिजवावी, आणि तें पाणी वरणांत अगर पिठांत वापरावें.

आपल्या सणांकडे पाहिलें तर हें सर्व ज्ञान पूर्वजांनीं अनुभवानें मिळविलें होतें असें वाटतें. संक्रांतीच्या आदल्या दिवशीं, भोगीस, आपण काय करतों? तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि वांगीं, गाजर, वालपापडी, ओला हरभरा, बोरें, शेंगदाणे व तीळ यांची मिसळीची भाजी. धान्य, शेंगवर्गीय दाणे, तेलबिया, भाज्या व आंबट बोरें असा संपूर्ण आहार त्या एका ताटांत आहे. पश्चिमेकडील एखाद्या आहारशास्त्रज्ञास उत्तम शाकाहारी जेवण कागदावर मांडावयास सांगितलें तरी याहून निराळें तो काय मांडील? खेद इतकाच कीं, भोगीचें ताट वर्षांतून एकदां येतें. तें आठवड्यांतून दोनदां आलें तर ही विद्या सार्थकीं लागेल. हुलग्यांचे शेंगोळे, डाळ घालून केलेली अंबाडीची भाजी, वरणफळें, झुणका, जवसाची व कारळाची चटणी हे पदार्थ गरिबाचे म्हणून हिणवले जातात. गुणानें पाहिलें तर ते श्रीमंतांचे आहेत.

सोयाबीनचीही अशीच गत आहे. मराठवाड्यांत तें अफाट पिकतें, पण पोत्यांत भरून सगळेंच बाजारांत जातें. १०० ग्रॅम सोयाबीनमध्यें प्रथिनें ३६ ग्रॅमांहून अधिक, म्हणजे डाळीच्या दीडपट. तें कच्चें मात्र पचत नाहीं. चांगलें भाजून दहा भाग ज्वारींत एक भाग मिसळून दळल्यास भाकरीची चव फारशी बदलत नाहीं व तिचें सत्त्व वाढतें. शेतकरी पालकांनीं विक्रीच्या पोत्यांतून एक पायली घरासाठीं काढून ठेवावी, एवढीच विनंति.

येथें आपल्या जिल्ह्यांतील एका मोठ्या वर्गाची आठवण होते. दसरा-दिवाळी झाली कीं बीड जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं साखर कारखान्यांच्या मुलखांत जातात. पहांटेच्या काळोखांत फडावर जाणाऱ्या त्या माउलीस दोन वेळां सावकाश स्वयंपाक करणें कोठून साधावें? पहांटे थापलेल्या भाकरी व चटणी यांवर दिवस निघतो, आणि सर्वांत जड मोळी डोक्यावर घेणारी स्त्री सर्वांत शेवटीं व सर्वांत कमी खाते. अशा घरीं 'शाकाहार' हा निवडीचा विषय राहत नाहीं, तो टंचाईचा होतो. तरीही गाडींत बिऱ्हाड भरतांना ज्वारीच्या पोत्याबरोबर मटकी, फुटाणे व शेंगदाणे यांचीं लहान गाठोडीं जर बरोबर घेतलीं, तर मोड आणलेली मटकी कोपीवरही होऊं शकते, आणि शेंगदाण्याची चटणी चार दिवस टिकते. ज्यांचे आईबाप तिकडे जातात त्या विद्यार्थ्यांनीं हें त्यांस अवश्य सांगावें.

आतां त्या चौथ्या वस्तूकडे, म्हणजे 'ब-१२' जीवनसत्त्वाकडे वळूं. हें सत्त्व ना वनस्पति तयार करितात ना प्राणी. तें केवळ सूक्ष्म जंतु तयार करितात, व त्यांच्याकडून तें प्राण्यांच्या शरीरांत येतें. म्हणून मांस, मासे, अंडीं व दूध यांत तें असतें, आणि धान्य, डाळी, भाज्या व फळें यांत त्याचा भरवंसा धरतां येत नाहीं. प्रौढ मनुष्यास दिवसास तें सुमारें २.२ मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांस दिसणारही नाहीं इतकें थोडें लागतें. परंतु तें न मिळाल्यास रक्त बिघडतें व मज्जातंतु झिजतात. थकवा, जिभेचा दाह, हातां-पायांस मुंग्या, विसराळूपणा हीं त्याचीं लक्षणें. यकृतांत त्याचा सांठा असल्यामुळें ही उणीव कित्येक वर्षें कळून येत नाहीं, आणि कळून येते तेव्हां कधीं कधीं उशीर झालेला असतो.

माळकऱ्यास व अन्य दूध घेणाऱ्या शाकाहाऱ्यास येथें सोपा मार्ग आहे. १०० ग्रॅम दुधांत हें सत्त्व अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास असतें; तेव्हां दूध व दहीं मिळून दिवसास अर्धा लिटर घेतल्यास गरज बहुतेक भागते. परंतु आपल्या घरांतील दूध कोठें जातें? सकाळ-संध्याकाळ डेअरीवर! घरांत चहापुरतें उरतें. गोठ्यांत म्हैस असलेल्या घरचें मूल दुधावांचून राहावें याहून मोठा विरोधाभास कोणता? ज्यास दूध परवडत नाहीं अथवा पचत नाहीं त्यानें वैद्यकीय सल्ल्यानें या सत्त्वाची गोळी घ्यावी. ही गोळी जंतूंपासूनच तयार करितात, तेव्हां ती घेतल्यानें कोणाचेंही व्रत मोडत नाहीं.

जे लोक दूध, दहीं, तूपही वर्ज्य करितात, त्यांस इंग्रजींत 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ सालीं इंग्लंडांत डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रचारांत आणिला. 'ब-१२' हें सत्त्व शास्त्रज्ञांनीं वेगळें काढलें तें १९४८ सालीं. म्हणजे आरंभीच्या व्हीगन मंडळींस आपल्या आहारांत नेमकें काय उणें आहे हें ठाऊक असणें शक्यच नव्हतें. आज आपणांस तें ठाऊक आहे. म्हणून दुधाचाही त्याग करणाऱ्यानें 'ब-१२'ची गोळी किंवा हें सत्त्व मुद्दाम मिसळलेलें अन्न नियमानें घेतलेंच पाहिजे; त्यास पर्याय नाहीं. आंबवलेले पदार्थ अथवा शेवाळ्याचीं चूर्णें यांवर विसंबूं नये. कॅल्शियमसाठीं तीळ, नाचणी, राजगिरा व पालेभाज्या यांचा आश्रय करावा. १०० ग्रॅम न सोललेल्या तिळांत कॅल्शियम १,२०० मिलिग्रॅमहून अधिक असतें, म्हणून रोज चमचाभर भाजलेले तीळही व्यर्थ जात नाहींत. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनीं तर डॉक्टरांच्या देखरेखीवांचून असा आहार स्वीकारूं नये, कारण मातेच्या अंगीं जें नाहीं तें बालकास कोठून मिळणार?

दूध सोडण्याची परीक्षा महात्मा गांधींनीं स्वतःच्या देहावर केली होती. दक्षिण आफ्रिकेंत १९१२ सालीं त्यांनीं दूध सोडलें, आणि हिंदुस्थानांत आल्यावरही तें व्रत पाळिलें. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत हिंडत असतां त्यांस आमांशाचा भयंकर आजार झाला. त्या दिवसांत भुईमुगाचें लोणी व लिंबें यांवर त्यांचा निर्वाह चालला होता. प्रकृति सुधारेना. मुंबईंत डॉक्टर दलाल यांनीं दुधावांचून शरीर भरणार नाहीं असें सांगितलें, तेव्हां शेजारीं उभ्या असलेल्या कस्तुरबांनीं व्रत गाईम्हशीच्या दुधाचें आहे, शेळीच्या दुधास काय हरकत, असा मार्ग काढला. गांधींनीं शेळीचें दूध घेतलें व ते उठले. मात्र व्रताचा शब्द राहिला व आत्मा गेला, ही टोंचणी त्यांनीं आत्मचरित्रांत मोकळेपणानें नमूद केली आहे. या हकीकतींतून दोन बोध घ्यावयाचे. निश्चय कितीही दृढ असला तरी देहाचा हिशेब चुकत नाहीं, हा एक. आणि दुसरा हा कीं, त्यांस जें ज्ञान त्या काळीं उपलब्ध नव्हतें तें आज औषधाच्या दुकानांत अल्प किंमतींत मिळत असतां, त्याकडे पाठ फिरविणें ही निष्ठा नव्हे, हेळसांड होय.

उपासाविषयीं दोन शब्द. माळकऱ्यास एकादशी आलीच. उपासाच्या दिवशीं साबूदाण्यावर भिस्त ठेवण्याची आपली चाल आहे. परंतु साबूदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यांत प्रथिनें जवळजवळ नाहींत. त्यांत शेंगदाण्याचा कूट सढळ हातानें घालावा, अथवा भगर व राजगिरा घ्यावा, सोबत दहीं किंवा दूध असावें. वाढत्या वयाच्या मुलांनीं निर्जळी उपास करूं नये.

शेवटचा प्रश्न मनाचा आहे. पवित्र शास्त्रांतील दानीएलाच्या ग्रंथांत, बाबेलच्या राजवाड्यांत नेलेले चार तरुण राजाचें पक्वान्न नाकारून दहा दिवस शाकभाजी व पाणी यांवर राहिले, आणि त्यांचीं तोंडें इतरांहून टवटवीत दिसलीं, अशी कथा आहे. या कथेंत एक गोष्ट फार मार्मिक आहे. दानीएलानें कारभाऱ्याशीं भांडण केलें नाहीं. दहा दिवस परीक्षा पाहा व मग ठरवा, असें नम्रपणें म्हटलें. घरांत शाकाहाराचा निश्चय सांगणाऱ्या मुलानेंही असेंच वागावें. आपल्यासाठीं आईवर निराळ्या स्वयंपाकाचा भार टाकूं नये. कडधान्य आपण भिजवावें, शेंगा आपण फोडाव्या, भाजी आपण निवडावी. दहा दिवस पुरत नाहींत, हें वर सांगितलेंच आहे. म्हणून सहा महिन्यांनीं वजन-उंची मोजावी, आणि शक्य असल्यास सरकारी दवाखान्यांत रक्त तपासून घ्यावें.

पालकांसही एक विनंति आहे. मुलाचा निश्चय पसंत नसला तरी त्याची थट्टा करूं नये. पसंत असला तर नुसतें कौतुक करून थांबूं नये. आणि निश्चय मुलीचा असेल तर तिचें ताट शेवटीं वाढूं नये.

आपल्या गांवांत अनेक धर्मांचे व अनेक चालींचे लोक शेजारीं शेजारीं नांदतात, व शाळेच्या एकाच बांकावर त्यांचीं मुलें डबा उघडतात. कोणाच्या डब्यांत कांहीं असेल, कोणाच्या डब्यांत कांहीं. प्रेषित पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायांत खाणाऱ्यानें न खाणाऱ्यास तुच्छ मानूं नये व न खाणाऱ्यानें खाणाऱ्यास दोषी ठरवूं नये, असा उपदेश केला आहे. वारकऱ्यांच्या दिंडींतही कोणी कोणाच्या घरची चूल विचारीत नाहीं. दयेपोटीं मांस सोडलेल्या मनुष्यानें शेजारच्या मित्राचें मन दुखविलें, तर त्याची दया कोठें राहिली?

तेव्हां मित्रहो, ज्यास हा मार्ग रुचत असेल त्यानें तो विचारपूर्वक धरावा. गळ्यांतील माळ जगास दिसते. ताटांतील डाळ, मोड आलेली मटकी, लिंबाची फोड व वाटीभर दहीं हीं कोणास दिसत नाहींत. परंतु माळेचा मान राखणारें शरीर त्यांवरच उभें राहतें. आज शाळेंतून घरीं गेल्यावर मूठभर मटकी पाण्यांत भिजत घाला. परवां तिला मोड येतील, आणि तुमच्या व्रतालाही.